कपाशीतील नवा गुण आणि जोडसंकटांची कसोटी

सह्याद्रीच्या माथ्यालगत वसलेल्या कोयनानगर येथे वर्षाकाठी सुमारे पाच हजार मिलिमीटर पाऊस पडतो. तेथून पूर्वेकडे निघालेला प्रवासी शंभर मैलही न चालता माण, आटपाडी, जत या तालुक्यांत पोहोचतो, आणि तेथे तोच आकडा पाचशेच्या आसपास येऊन ठेपतो. दहापट पावसाचा फरक इतक्या थोड्या अंतरात पडावा, असे प्रदेश जगाच्या पाठीवर फार नाहीत. परंतु यावरून कोणी असे समजेल की कोयनाकाठच्या पिकाला केवळ अतिवृष्टीचे भय आणि माणदेशच्या पिकाला केवळ अवर्षणाचे, तर ती समजूत चुकीची ठरेल. पाटण खोऱ्यातील भाताची खाचरे आषाढात बुडतात, आणि तेच भात आश्विनात पोटरीला आले असता परतीचा पाऊस न आल्यास डोंगरउतारावर पाण्यावाचून पळींज होते. माणदेशातील ज्वारीला पाण्याची ओढ लागते, तीच ऊनही सोसते, तिच्यावरच खोडकिडा येतो. खाली कऱ्हाडास कोयना कृष्णेला मिळाल्यानंतर वाळवे, मिरज या बागायती मुलखात तर उलटाच प्रकार दिसतो. अमर्याद पाणी दिल्याने जमिनीतील क्षार वर येतात, आणि ऊस एकाच वेळी मिठाने व साचलेल्या पाण्याने पिवळा पडतो.

तात्पर्य, शेतातील रोप एका शत्रूशी कधीच झुंजत नाही. जुन्या शेतकऱ्यास हे शास्त्र म्हणून नव्हे तर अनुभव म्हणून ठाऊक होते, आणि त्याने पिढ्यानुपिढ्या राखलेले वाण या सर्व संकटांतून एकत्र तावून सुलाखून निघालेले असत. मालदांडी ज्वारीचेच उदाहरण पुरे आहे. सोलापूर जिल्ह्यातील मोहोळ येथे १९३० नंतरच्या दशकात निवडपद्धतीने तयार झालेला तिचा ‘एम ३५-१’ हा वाण आज ऐंशीहून अधिक वर्षे रब्बी हंगामात टिकून आहे. त्याहून अधिक उत्पन्न देणारे वाण पुष्कळ निघाले. कोरडी जमीन, थंडी आणि खोडमाशी यांच्या एकत्रित माऱ्यात जे तगले, ते मात्र मोजकेच.

वनस्पतीच्या बीजात दुसऱ्या जीवाचे जनुक, म्हणजे आनुवंशिक गुणाचा वाहक घटक, प्रयोगशाळेत जोडण्याची विद्या गेल्या शतकाच्या अखेरीस हाती आली, तेव्हा हा प्रश्न नव्या स्वरूपात उभा राहिला. बाहेरून बसविलेला एक गुण शेतातील अनेक ताणांत कसा वागतो? सातारा-सांगलीकडे या प्रश्नाचे उत्तर मिळणे नाही, कारण अशा बियाण्यांपैकी ज्या एकाच पिकाला भारतात रीतसर परवानगी मिळून त्याचा सार्वत्रिक प्रसार झाला ते पीक म्हणजे कापूस, आणि कापसाची काळी विदर्भात, मराठवाड्यात व खानदेशात पसरलेली आहे. म्हणून कोयनेचा काठ काही काळ सोडून वऱ्हाडच्या वाटेस लागणे प्राप्त आहे.

वऱ्हाडात कपाशी नवी नव्हे. १८६१ साली अमेरिकेत यादवी युद्ध पेटले आणि लँकेशायरच्या गिरण्यांना कापूस मिळेनासा झाला, तेव्हापासून वऱ्हाडचा कापूस जगाच्या बाजारात नाणावला. तो कापूस देशी जातीचा होता. धागा आखूड, पण मूळ खोल जाणारे, पाण्याची ओढ सोसणारे आणि रसशोषक किडींना सहसा दाद न देणारे असे ते झाड. देश स्वतंत्र झाला त्या वेळी कापसाचे बहुतेक क्षेत्र याच जातींखाली होते. गिरण्यांना लांब धागा हवा होता, म्हणून अमेरिकन जातीचा प्रसार झाला. पुढे १९७० साली सुरत येथे डॉ. चंद्रकांत पटेल यांनी ‘एच-४’ हा संकरित कापूस तयार केला आणि संकरित सरकीचे युग सुरू झाले. ही झाडे डेरेदार, भरपूर बोंडे धरणारी, खताला व पाण्याला उत्तम साथ देणारी, पण सहा-सहा महिने शेत अडवून बसणारी. महाराष्ट्रातील कापसाच्या शंभर एकरांपैकी नव्वदांहून अधिक एकरांना आकाशाशिवाय दुसरे पाणी नाही. पावसाळा संपतो तेव्हा अशा झाडाची बोंडे नुकती भरू लागलेली असतात, आणि हलक्या जमिनीतील ओल नेमकी त्याच वेळी सरते. पुढे जे काही घडले त्याचे बीज या विसंगतीत आहे. नव्या जनुकात त्याचा शोध घेणारे पुष्कळदा चुकीच्या ठिकाणी खणत राहिले.

अमेरिकन जातीबरोबर बोंडअळीचा उपद्रवही वाढला. औषधांवर औषधे आली, अळ्यांनी ती पचविली. गेल्या शतकाच्या शेवटच्या दशकात देशातील एकंदर कीटकनाशकांपैकी जवळजवळ निम्मी कीटकनाशके एकट्या कापसावर पडत होती, आणि कापसाचे क्षेत्र मात्र लागवडीच्या शेकडा पाच एवढेच होते. या वेळी मदतीला आला तो एक सूक्ष्म जंतू. जपानात १९०१ साली इशिवाता यांना रेशमाच्या किड्यांच्या रोगात तो आढळला होता. दहा वर्षांनी जर्मनीत बेर्लिनर यांना पिठातील पतंगाच्या अळीत तो सापडला, आणि थुरिंगिया प्रांतावरून त्याला ‘बॅसिलस थुरिंजेन्सिस’ हे नाव मिळाले. हा जंतू एक प्रथिन तयार करतो. अळीच्या क्षारधर्मी आतड्यात ते विरघळते, आतड्याच्या अस्तराला चिकटते आणि त्यास छिद्रे पाडते. माणसाचे जठर आम्लधर्मी, आणि ज्या खुंटीला ते प्रथिन अडकते ती खुंटीही माणसाच्या आतड्यात नाही. या प्रथिनाचे जनुक कपाशीत घालून अमेरिकेत १९९६ साली नव्या बियाण्याची विक्री सुरू झाली, आणि जंतूच्या नावाच्या आद्याक्षरांवरून ‘बीटी’ हे दोन अक्षरी नाव वऱ्हाडातील प्रत्येक कृषि सेवा केंद्राच्या पाटीवर यायला आणखी सहाच वर्षे लागली.

जालन्याच्या बद्रीनारायण बारवाले यांनी १९६४ साली स्थापिलेल्या महिको कंपनीने अमेरिकेतील मोन्सँटो कंपनीशी सहकार्य करून हे जनुक आपल्या संकरित वाणांत उतरविले. २६ मार्च २००२ रोजी केंद्र सरकारच्या समितीने मेक-१२, मेक-१६२ व मेक-१८४ या तीन वाणांना परवानगी दिली. आणि दैवगति अशी की, त्याच वर्षी पावसाने दगा दिला. देशभर जुलैचा पाऊस नेहमीच्या निम्म्यावर आला, संपूर्ण हंगामाची तूट शेकडा एकोणीस. साध्या बियाण्याच्या तिप्पट-चौपट किंमत देऊन, सुमारे सोळाशे रुपयांस एक पाकीट, घेतलेली सरकी कोरड्या मातीत पडली. ज्या घरात ते पाकीट सावकाराच्या पैशाने आले होते तेथे ‘अळी येणार नाही’ या वचनाचा अर्थ ‘पीक येणारच’ असा झालेला होता. अळी खरोखरच कमी आली, पण झाड वाळले. पुढे २००५ साली आंध्र प्रदेशात या तिन्ही वाणांची परवानगी पुन्हा देण्यात आली नाही. जनुक तेच ठेवून ते निराळ्या, अधिक जुळणाऱ्या वाणांत घातले गेले तेव्हा त्याच बीटी कापसाचे नशीब पालटले. एकच गुण, पण घर बदलले की त्याची किंमत बदलते, ही गोष्ट या एका प्रसंगाने पुरेशी उघड झाली होती.

येथे रोपाच्या अंतरंगात थोडे डोकावले पाहिजे. पानाच्या अंगावर डोळ्यांना न दिसणारी असंख्य छिद्रे असतात. त्यांस पर्णरंध्रे म्हणतात. उन्हाळ्यातील माठाची गोष्ट घ्यावी. माठ पाझरतो म्हणून पाणी थंड राहते. कोणी त्याची छिद्रे लाखेने बुजविली तर पाणी वाचेल, पण गार राहणार नाही. रोपाचेही असेच आहे. उष्णता वाढली की पान आपली रंध्रे उघडून बाष्प सोडते व थंड राहते. पाणी कमी पडले की तेच पान रंध्रे मिटून घेते. आता दोन्ही संकटे एकदम आली तर? एक आज्ञा सांगते उघड, दुसरी सांगते मीट. रॉन मिटलर व त्यांचे सहकारी यांनी २००२ साली तंबाखूच्या रोपांवर केलेल्या प्रयोगांत असे आढळले की, उष्णता व अवर्षण एकत्र सोसणारे रोप या दोहोंच्या साध्या बेरजेसारखे वागत नाही. त्याची जनुके तिसऱ्याच रीतीने जागी होतात. पुढच्या संशोधनात तर असेही दिसले की, नुसत्या अवर्षणात रोप ज्या द्रव्याचा साठा करून स्वतःला वाचविते, तोच साठा उष्णतेत अपायकारक ठरतो, म्हणून जोडसंकटात ते त्याऐवजी साखर साठविते. प्रयोगशाळेत एकेका ताणावर उत्तीर्ण झालेले बियाणे शेतात का नापास होते, याचे मर्म येथे आहे.

आता हेच वऱ्हाडातील शेतात पाहावे. भाद्रपदात दोन-तीन आठवडे पावसाची उघडीप पडते, ऊन तापते, झाडावर बोंडे लगडलेली असतात. आणि अकस्मात एका रात्री मुसळधार पाऊस होऊन काळ्या जमिनीत पाणी तुंबते. दुसऱ्या दिवशी पुन्हा कडक ऊन पडते. चोवीस तासांच्या आत हिरवीगार पऱ्हाटी मान टाकते. शेतकरी याला आकस्मिक मर म्हणतात. बुरशी नाही, कीड नाही. पाण्यात बुडालेल्या मुळांना हवा मिळत नाही, म्हणून पायाशी पाणी असूनही ते वर चढविता येत नाही, आणि वर ऊन तर पानांकडून पाणी मागतच राहते. एकटी उघडीप सोसली असती, एकटे पाणी सोसले असते. दोन्ही लागोपाठ सोसवले नाही. ही मर बीटीपूर्वीच्या संकरित वाणांतही दिसत असे, त्यामुळे तिचे सारे खापर जनुकावर फोडणे अन्यायाचे होईल. परंतु अळीने खाल्ली नाहीत म्हणून बीटी झाडावर पहिल्या बहराची बोंडे अधिक टिकतात, झाडावरचा भार वाढतो, आणि भार जितका मोठा तितका हा आघातही मोठा. नव्या गुणाने एक संकट टाळले ते दुसऱ्याची धार वाढवून. उपाय म्हटला तर पाणी तातडीने चरांवाटे काढून देणे हाच खरा. कोबाल्ट क्लोराइडच्या अगदी सौम्य फवारणीनेही काही झाडे सावरतात, पण ती तासांच्या हिशेबाने करावी लागते.

‘लाल्या’चेही थोडेफार असेच. बोंडे भरण्यासाठी झाड पानांतील नत्र ओढून घेते, जमिनीतील ओल व अन्न संपत आलेले असते, त्यातच कार्तिकातल्या रात्री थंड होतात, आणि शेतेच्या शेते तांबडी दिसू लागतात.

याहून अधिक मूलभूत प्रश्न त्या विषारी प्रथिनाचा. ते झाडात सर्वत्र आणि सर्वकाळ सारखे असते अशी सर्वसाधारण समजूत होती. नागपूर येथील केंद्रीय कापूस संशोधन संस्थेत डॉ. केशव क्रांती व त्यांच्या सहकाऱ्यांनी भारतीय बीटी वाणांची तपासणी करून २००५ साली जे निष्कर्ष प्रसिद्ध केले, त्यांनी ती समजूत मोडली. प्रथिनाचे प्रमाण पानांत सर्वांत अधिक, आणि ज्या बोंडाचे रक्षण करावयाचे त्या हिरव्या बोंडाच्या सालीत व फुलाच्या बीजकोशात सर्वांत कमी! झाडाचे वय वाढत जाते तसे ते घटते, आणि सुमारे एकशे दहा दिवसांनंतर अळीस मारण्याइतके उरत नाही. चीनमध्ये यांगझाऊ विद्यापीठातील संशोधकांनी बीटी कपाशी उष्णतेत, कमी-अधिक दमटपणात व पाण्याच्या ताणात वाढवून पाहिली, तेव्हा फार उष्णतेत हे प्रथिन कमी होते आणि उष्णतेस दुसऱ्या ताणाची जोड मिळाली की घट अधिक होते असे दिसले. कारण उघड आहे. प्रथिन करावयास नत्र लागते, आणि संकटात सापडलेले रोप आपले नत्र आधी स्वतःच्या प्राणरक्षणाकडे वळविते. परक्या जनुकाने मागितलेला वाटा मागे पडतो. अर्थात ज्या दिवसांत झाड उन्हातान्हाने हैराण झालेले असते त्याच दिवसांत त्याचे चिलखतही पातळ झालेले असते.

या पातळ झालेल्या चिलखतातून जी आत शिरली ती गुलाबी बोंडअळी. ही वऱ्हाडची नवी पाहुणी नव्हे. भडोच येथून पाठविलेल्या नमुन्यांवरून सॉन्डर्स यांनी १८४३ साली तिचे प्रथम वर्णन केले होते. ती बोंडाच्या आत शिरते व सरकी पोखरते, बाहेरून काही दिसत नाही. बीटीचे पहिले जनुक तिने गुजरातेत २००९ च्या सुमारास पचविले. दोन जनुकांचे बियाणे २००६ पासून बाजारात होते. तेही तिने पुढील पाच-सात वर्षांत पचविले. शेताभोवती साध्या कापसाच्या ओळी लावाव्यात, म्हणजे प्रतिकार नसलेल्या पतंगांची वस्ती टिकून प्रतिकारशक्ती पसरणार नाही, असा नियम होता. बीटीच्या ४५० ग्रॅमच्या पाकिटाबरोबर साध्या सरकीचे १२० ग्रॅमचे पाकीट त्यासाठीच मिळत असे. ते बहुतेकांनी पेरले नाही. त्यात नवल नाही. चार एकरांच्या धन्याने पाचवा हिस्सा अळीला नैवेद्य म्हणून सोडावा ही अपेक्षा कागदावरच शोभणारी होती. त्यात फरदडीची भर पडली. पाणी देऊन जुनेच झाड माघ-फाल्गुनापर्यंत उभे ठेवले की अळीला वर्षभर अन्न मिळते, आणि तेही चिलखत विरलेल्या झाडावर. अमेरिकेत हीच अळी १९१७ साली टेक्ससमध्ये शिरली होती. तेथे बीटी कापूस, राखीव ओळी, वेळेवर शेत मोकळे करणे व वंध्य पतंग सोडणे यांचा एकत्र उपयोग करून २०१८ साली कापसाच्या मुलखातून तिचे उच्चाटन झाल्याची घोषणा झाली. जनुक दोन्हीकडे जवळपास तेच; व्यवस्था निराळी.

२०१७ चा हंगाम महाराष्ट्र विसरणार नाही. त्या वर्षी पऱ्हाटी उंच व दाट माजली होती, हवा दमट होती, आणि किडींचा जोर पाहून यवतमाळ जिल्ह्यात शेतकऱ्यांनी निरनिराळी विषारी औषधे मिसळून फवारणी केली. डोक्यापर्यंत वाढलेल्या पिकात फवाऱ्याचे तुषार अंगावर येत. विषबाधेने वीसहून अधिक शेतकरी व शेतमजूर मृत्युमुखी पडले. त्याच मोसमात गुलाबी अळीने बोंडे पोखरली आणि वेचणीला आलेल्या बायांच्या हाती कवडी लागली. जे बियाणे फवारणी टाळण्यासाठी आले होते त्याच्या शेतात हा प्रकार घडावा, याहून दुःखद विरोधाभास शोधून सापडणार नाही.

म्हणून बीटीचा प्रयोग सर्वस्वी फसला असे म्हणणाऱ्यांनाही थोडे थांबविले पाहिजे. देशाचे दर हेक्टरी रुईचे उत्पन्न २००२-०३ साली सुमारे तीनशे किलो होते ते २००७-०८ साली साडेपाचशेवर गेले. या वाढीत चांगला पाऊस, गुजरातेतील बंधारे, खते व रसशोषक किडींवरची नवी औषधे यांचा वाटा होता. पण अमेरिकन बोंडअळीवरच्या फवारण्या अनेक वर्षे खरोखरच कमी झाल्या, हेही नाकारता येत नाही. त्यानंतर मात्र तो आकडा त्या पातळीवर टिकला नाही, आणि महाराष्ट्राच्या कोरडवाहू शेतात तर तो देशाच्या सरासरीच्या बराच खाली राहिला. नागपूरच्या संस्थेने गेल्या काही वर्षांत सुचविलेला मार्ग जनुकाचा नाही, काळाचा आहे. बुटकी, कमी दिवसांची कपाशी दाट पेरावी, म्हणजे जमिनीतील ओल असेपर्यंत बोंडे फुटतील, आणि गुलाबी अळीचा जोर होण्याआधी शेत मोकळे होईल. मालदांडी ज्वारी निवडणाऱ्यांना हा विचार ओळखीचा वाटला असता.

दरम्यान जगात अवर्षणावरही जनुके शोधली गेली. अमेरिकेत २०१३ साली एका जंतूचे जनुक घातलेला मका बाजारात आला. अर्जेंटिनात डॉ. राकेल चान यांच्या संशोधनातून सूर्यफुलाचे जनुक असलेला गहू निघाला, त्यास २०२० साली सशर्त परवानगी मिळाली. मध्यम अवर्षणात थोडा आधार, एवढेच या दोहोंविषयी सावधपणे म्हणता येते. कारण अवर्षण हे एकटे येत नाही.

भारतात ४ मे २०२५ रोजी भाताचे दोन नवे वाण जाहीर झाले. त्यांत परके जनुक घातलेले नाही. भाताच्याच जनुकात कातरकाम केले आहे. त्यांपैकी ‘पुसा डीएसटी राइस १’ या वाणात रोपाला पाणी उधळावयास लावणारे एक जनुक निकामी केले आहे, त्यामुळे पानांवरील रंध्रे कमी होतात आणि अवर्षण व क्षार ही दोन्ही संकटे ते अधिक सोसते, असा दावा आहे. दोन ताणांचा विचार एकाच वेळी केलेला असल्यामुळे हा प्रयत्न लक्ष देण्याजोगा आहे. तथापि माठाची छिद्रे कमी केल्यावर कडक उन्हात त्या पानाचे काय होते, हे प्रत्येक मुलखात पाहूनच ठरवावे लागेल.

आणि येथे पुन्हा कृष्णाकाठ आठवतो. खारवट जमिनीत साचलेले पाणी हे क्षारापेक्षाही दुष्ट आहे, कारण हवेवाचून घुसमटलेल्या मुळांना मीठ बाहेर थोपवून धरण्याचे बळ राहत नाही. त्याच जमिनीत पाणी निचरले तर तेच रोप तितकाच क्षार सोसून उभे राहते. भाताच्या मुळांना पाण्यात उभे राहण्याची सवय आहे, उसाच्या व गव्हाच्या मुळांना ती नाही. म्हणून सांगलीजवळच्या कसबे डिग्रज येथील कृषि संशोधन केंद्राने शेतकऱ्यांना सांगितलेला उपाय बीजाचा नसून जमिनीखाली छिद्रे पाडलेल्या नळ्या घालून पाणी ओढ्यात काढून देण्याचा आहे. तो खर्चाचा आहे, आणि एकट्याने करता येत नाही. वरच्या शेतातील पाणी खालच्या शेतातून न्यावे लागते, त्यासाठी शेजाऱ्याची संमती लागते. वाळव्याच्या काही शिवारांत अशा नळ्या पडल्या आहेत, काहींत बांधावरचा वाद अजून मिटलेला नाही.